झाकणाचा आवाज

"थांब," नेव्हेना म्हणाली. "आता पडद्याकडे पाठ कर आणि आत्ता काय वाचलंस ते मला सांग."

कामेन वितानोव वळला. त्याच्या मागे, तिच्या बाहेरच्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतीवर पाडलेल्या स्लाइडमध्ये, मुद्द्यांची फौज उभी होती. उत्पादनक्षमता, बाजारपेठ, वाढीचा दर. तो पुन्हा चोरून भिंतीकडे बघू लागला.

"तुलाच आठवत नाही. ऐकणाऱ्यांनी काय करायचं?"

तो खुर्चीत बसला आणि कपाळ पुसू लागला. चाळिशीतला धिप्पाड माणूस, पण माणसांसमोर उभा राहिला की मान खांद्यांत घालायचा. प्लोव्हदिव्ह शहरापासून तासाभरावरच्या एका गावात त्याचा कारखाना होता. भाजलेल्या लाल मिरचीची लुतेनित्सा नावाची चटणी आणि पीचचा मुरांबा बाटल्यांत भरून विकायचा. राजधानी सोफियातली दुकानांची एक मोठी साखळी नवा पुरवठादार शोधत होती आणि व्यापारमेळ्यात तिच्या खरेदीदारांसमोर प्रत्येकाला बोलायची संधी मिळणार होती. हे जमलं नाही तर हिवाळ्यात कारखान्याला टाळं लावावं लागणार होतं. गावातल्या निम्म्या घरांतल्या बायका त्याच्याकडे कामाला होत्या.

नेव्हेना द्रागोवा अशा माणसांना बोलायला शिकवत असे. त्याआधी ती बरीच वर्षं बाहुलीनाट्यात होती. काळ्या पडद्यामागे उभं राहून ती अस्वलं, राजकन्या, खाष्ट सासवा यांच्या आवाजात बोलायची आणि पडद्यापुढची मुलं तिचा चेहरा न बघताच घरी जायची. नाट्यमंडळीतली माणसं कमी केली तेव्हा तिला घरी बसवलं. मग बँकेतल्या एका ओळखीच्यानं आपल्या साहेबाला तिच्याकडे पाठवलं, आणि एकाकडून दुसरा असे लोक येऊ लागले. अट बहुतेकांची एकच असायची, की शिकवणीचं कुणाला कळता कामा नये. रस्त्यात समोरून आले की ते दुकानाच्या काचेत काहीतरी बघू लागायचे. नेव्हेनाला त्याचं फार वाटत नसे. पडद्यामागे राहायची तिला सवय होती.

आई गेल्यापासून मात्र घर फार शांत झालं होतं. प्लोव्हदिव्हच्या त्राकिया वस्तीतल्या त्या सहाव्या मजल्यावर मायलेकी दोघीच राहत होत्या, आणि आता ती एकटी. शिकवणी नसली की दिवसभर बोलायचं काही कारणच नसे. संध्याकाळी पाव आणायला खाली गेलं की दिवसाचा पहिला शब्द घोगरा निघायचा. दुकानातली मुलगी विचारायची, सर्दी झाली का. हो म्हणणं सोपं होतं.

त्या दिवशी तिने कामेनच्या स्लाइड एकेक करून कापल्या. तो कुरकुरत होता. एवढं कमी दाखवलं तर तयारी केली नाही असं वाटेल, असं त्याचं म्हणणं. माणूस एक तर वाचतो नाहीतर ऐकतो, दोन्ही एकदम करत नाही, असं तिने समजावलं. मग सुरुवातीवर गाडी आली. आकड्यांनी सुरू करू नकोस, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं काहीतरी सांग, असं ती म्हणाली.

"माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काहीच नाही, द्रागोवाबाई," कामेन म्हणाला. "वडील कर खात्यात. आई भूगोल शिकवायची. कारखाना मी लिलावात घेतला. काय सांगू? तुम्हीच करून दाखवा ना एकदा."

नेव्हेना स्वयंपाकघरात गेली आणि त्यानेच भेट दिलेली मुरांब्याची बाटली आणि एक चमचा घेऊन आली. भिंतीपाशी उभी राहिली. चमच्याच्या दांड्याने झाकणावर टक् केलं आणि आवाज विरेपर्यंत थांबली.

मग तिने सांगितलं, की तिची आई शहरातल्या जुन्या डबाबंद फळांच्या कारखान्यात झाकणं तपासायची. हातात लाकडी काठी, समोरून सरकत जाणाऱ्या बाटल्या. प्रत्येक झाकणावर एक टकटक. बाटली नीट बंद झाली असेल तर आवाज खणखणीत, हवा शिरली असेल तर बसका. पुढे पुढे आईला घरीही ती खोड लागली. टेबल, दार, कलिंगड, येईल त्यावर टकटक करून ती कान द्यायची.

इथे थांबायचं असं नेव्हेनाने ठरवलं होतं. पण पुढचं तोंडातून निघून गेलं. शेवटच्या आजारात आईची वाचा गेली होती. एका सकाळी नेव्हेना तिचे केस विंचरत असताना आईने हात वर केला, बोटाचं पेर लेकीच्या कपाळावर हलकेच दोनदा आपटलं आणि डोळे मिटून ऐकत राहिली. मग चेहऱ्यावर समाधान आलं. बाटली चांगली होती.

हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. कामेनचा फोन नेहमीसारखा टेबलावर सुरू होता. गाडीत ऐकायला म्हणून तो प्रत्येक शिकवणी ध्वनिमुद्रित करायचा. तिच्याच परवानगीने.

मेळ्याच्या आदल्या दिवशी त्याने फोन करून तिला यायची विनंती केली. मागे कुठेतरी बसा, तुम्ही आहात एवढं कळलं तरी धीर येईल, असं म्हणाला. नंतर चाचरला. कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे तिनेच त्याला सुचवलं. ओळख नाही म्हणायचं.

सभागृह भरलेलं होतं. कामेनच्या आधीचे दोघं पडद्याकडे तोंड करून वाचत गेले आणि लोक खाली माना घालून फोन बघत राहिले. मग कामेन आला. मान ताठ, पडदा कोरा. त्याने खिशातून चमचा काढला, मेजावरच्या बाटलीच्या झाकणावर टक् केलं आणि थांबला. आवाज विरेपर्यंत.

फोन खाली गेले. जमलं, असं नेव्हेनाच्या मनात आलं.

"माझी आई," कामेन म्हणाला, "झाकणं तपासायची."

तिला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण लाकडी काठी आली, टेबल आलं, दार आलं, कलिंगड आलं. तिच्याच शब्दांत, तिच्याच चढउतारांत. उठून जावं असं तिला वाटलं. पण ती रांगेच्या मधोमध होती. उठली असती तर कितीजणांना पाय आखडावे लागले असते आणि सगळ्या सभागृहाचं लक्ष उडालं असतं. बोलणाऱ्याचं लक्ष विचलित करणाऱ्या माणसाचा तिला आयुष्यभर राग होता. ती मांडीवरची पर्स घट्ट धरून बसून राहिली. मग कपाळावरची ती दोनदा केलेली टकटकही आली.

पुढच्या आकड्यांच्या वेळी सगळे त्याच्याकडेच बघत होते. टाळ्या वाजल्या तेव्हा शेजारची पिकल्या केसांची बाई चष्मा पुसत होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर बिस्त्रा कोलारोवा असं नाव आणि त्या सोफियाच्या साखळीची खूण होती.

मध्यंतरात कॉफीच्या टेबलाशी दोघी शेजारी आल्या. तुम्ही कामेनच्या कारखान्यातल्या का, असं बिस्त्राने विचारलं. नेव्हेना नाही म्हणाली.

"मग त्याच्या आईला ओळखत होतात?" बिस्त्राने विचारलं. "बोलत होता तेव्हा तुमचा चेहरा बघितला मी, म्हणून विचारते."

नेव्हेनाने कप खाली ठेवला.

"हो," ती म्हणाली. "चांगली ओळखत होते."

"कशी होती?"

गेल्या तीन हिवाळ्यांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. ती बोलू लागली. बुटकी होती, तोंडाने फटकळ. पत्त्यांत लबाडी करायची आणि पकडली की समोरच्यावरच चिडायची. गाता येत नव्हतं तरी भांडी घासताना गायची. जिन्यात कुणी सिगारेट ओढली की वरून पाणी ओतायची. लेकीचं काम बघायला एकदाच आली, पहिल्या रांगेत बसली आणि घरी जाताना म्हणाली, तुझा कोल्हा बरा होता, ससा अगदीच रडका. बिस्त्रा हसली. नेव्हेनाही हसली, आणि आपला आवाज अजिबात घोगरा नाही हे तिच्या ध्यानात आलं.

"लेकीचं?" बिस्त्रा म्हणाली. "म्हणजे याला बहीण आहे?"

तेवढ्यात कामेन तिथे आला. नेव्हेनाला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. बिस्त्राने त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, की या बाई तुमच्या आईबद्दलच बोलत होत्या. नाव काय होतं त्यांचं, असंही तिने विचारलं.

नाव कामेनला माहीतच नव्हतं. नेव्हेनाने ते कधी उच्चारलं नव्हतं. त्याने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत गावातली निम्मी घरं होती, हे तिला कळत होतं. त्याला उघडं पाडायला एक वाक्य पुरलं असतं.

"दोन्का," नेव्हेना म्हणाली. "दोन्का नाव होतं."

"दोन्का," बिस्त्राने पुन्हा उच्चारलं, आणि सोमवारी माणूस पाठवून कारखाना बघून घेते असं कामेनला सांगून ती निघून गेली.

कामेन नेव्हेनाच्या मागून जिन्यापर्यंत आला. विचारायला हवं होतं, पण तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटली, असं काहीबाही तो बोलत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काय करू सांगा. आत जाऊन खरं सांगू?"

"नको. तुझ्याकडच्या बायकांना हिवाळाभर काम मिळू दे." तिने कोटाची बटणं लावली. "फक्त पुन्हा कुठे बोललास तर ती तुझी आई नाही. कारखान्यातली एक बाई म्हण. नाव घे तिचं."

त्याने मान हलवली. पुढच्या गुरुवारी येऊ का, असं विचारलं. ती पायऱ्या उतरू लागली.

बाहेर नदीवरून वारा येत होता. बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. तिकीट देताना कंडक्टरबाई म्हणाली, "मावशी, छातीवर ते तसंच राहिलंय बघा."

नेव्हेनाने खाली बघितलं. मेळ्याच्या दारावर तिला एक चौकोनी कार्ड लावलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'पाहुणे' असं छापलेलं होतं आणि खाली नावासाठी एक रेघ होती, कोरी. तिने ते जपून काढलं, कोटाला पडलेलं टाचणीचं भोक अंगठ्याने दाबून सारखं केलं, आणि कार्ड मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसली.