माझ्या आतली न पुसणारी मोजणी

मित्रांनो, मी एका आता जुन्या झालेल्या युटचा, म्हणजे मागे हौदा असलेल्या गाडीचा संगणक आहे. इंजिनाशेजारी ॲल्युमिनियमच्या चपट्या डबीत मी राहतो. किती इंधन सोडायचं, टर्बोने किती हवा कोंबायची, हे मी ठरवतो. कारखान्यात मला तापवून, गोठवून पारखलं आणि एक काम बजावून सांगितलं : इंजिन फार तापलं तर ताकद कमी कर आणि चालकासमोरचा इशाऱ्याचा दिवा लाव.

माझे मालक रॉस ट्रेगेन्झा मधमाश्या पाळत. युकॅलिप्टस जिकडे फुलेल तिकडे आम्ही पेट्यांचा ट्रेलर ओढत जायचो. चढावर मी मंदावायचो, ते त्यांना खुपायचं. शेवटी त्यांचा मित्र डेझ याने आपल्या शेडमध्ये मला वायर जोडून माझे आकडे बदलले. इंधन वाढलं, हवा वाढली. तापमानाची मर्यादाही त्याने वर सरकवली.

"आता बघ, बोकडासारखी उड्या मारत चढेल," डेझ म्हणाला.

"आणि वॉरंटी?"

"सर्व्हिसिंगच्या आधी घेऊन ये. जुने आकडे परत भरून देतो. शोरूमवाल्यांच्या बापाला कळणार नाही."

रॉस माझं कौतुक करू लागले. मी मात्र प्रत्येक चढाला भ्यायचो. इंजिन धगधगायचं, आणि दिवा लावणं माझ्या हातात उरलं नव्हतं.

बदामाच्या बागा फुलायच्या सुमारास, परागीभवनासाठी पेट्या तिथे न्यायची वेळ आली असताना, ऐन चढावर टर्बो फुटला. डेझने घाईघाईने जुने आकडे भरले आणि गाडी शोरूमला ओढून नेली. तिथली मेकॅनिक शिरीन हिने वायर जोडली, तेव्हा मी धास्तावलो. माझ्या आत एक मोजणी असते. आकडे कुणीही बदलले, अगदी जुने परत भरले, तरी ती एकाने वाढते. ती मागे फिरत नाही. डेझला हे ठाऊकच नव्हतं.

"रॉस, यात कुणी हात घातलाय?"

"छे. बॅटरी बदलताना काही झालं असेल."

"बॅटरीने मोजणी वाढत नाही हो." शिरीन हसली नाही. "कंपनीशी तुम्ही भांडा. नेमकं काय बदललं ते मला यातून दिसत नाही. कंपनीचेच आकडे होते म्हणत असाल, तर नुसता टर्बो बसवते. पण इंजिन जास्त तापून आत पिस्टनला तडा गेला असेल, तर उतारावर इंजिन जाम होईल, ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होईल, आणि मागे भरलेला ट्रेलर. बागेत पेट्या कोण नेणार आहे?"

"केरिन. माझी मुलगी."

ते नाव ऐकून मला जितकी भीती वाटली, तितकी कुठल्याही चढावर वाटली नव्हती. सारं मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

रॉसनी डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगळली. "डेझने तापमानाची मर्यादा वाढवली होती," ते म्हणाले. "वॉरंटी जाऊ दे. इंजिन उघड."

वॉरंटी गेली. पिस्टनमध्ये तडा निघाला, नख अडकेल एवढा. पेट्या त्या वर्षी शेजाऱ्याच्या ट्रकमधून गेल्या.

मित्रांनो, आमचा दिवा लागला तर आमच्यावर चिडू नका. तो गप्प करायची युक्ती सुचलीच, तर त्या गाडीत कोण बसणार आहे, तेवढं आधी आठवा.