रखमाबाईच्या नाकाची वही

मी एक जुनी, दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर तेलाचा डाग आहे, त्याचा मला राग नाही. माझ्यात गणितं नाहीत, कविताही नाहीत. मित्रांनो, माझ्यात वास आहेत.

करी रोडच्या चाळीत राहणाऱ्या अनुजाने मला दादरला विकत घेतलं. ती एका मोठ्या हॉटेलात ताटं उचलायचं काम करी. वाइन ओळखण्याची परीक्षा पास झाली, तर पाहुण्यांना वाइन सुचवण्याची जागा तिला मिळणार होती. त्या परीक्षेत बाटली दाखवत नाहीत. नुसता पेला पुढे ठेवतात. वासावरून द्राक्ष आणि मुलूख सांगायचा. नामांकित द्राक्षं तिची पाठ होती. अडचण होती ती फारसं कुणी नाव न घेणाऱ्या मुलखांची. शिवाय पुस्तकात ज्या फळाफुलांचे वास लिहिले होते, ती तिने जन्मात पाहिली नव्हती.

म्हणून ती छोट्या बाटल्यांतून नमुने घरी आणी आणि आईच्या नाकाखाली धरी. तिची आई रखमाबाई लालबागला मसाला कुटायच्या डंकावर मिरच्या-धणे भाजायला होती. वाइनचा थेंबही तिने कधी जिभेला लावला नाही. पण नाक असं, की दारातूनच सांगे, मेथी उतरवा, करपतेय.

फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातल्या सावान्यँ द्राक्षाची पिवळी वाइन हुंगून ती म्हणाली, "अगो, ही तर भाजलेली मेथी!" ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरच्या असिर्तिकोला म्हणाली, ओहोटीनंतरचा कातळ, वर लिंबू पिळलेलं. जॉर्जियाच्या काखेती भागातल्या काळ्याभोर सापेरावीला, करवंदाची जाळी. अनुजा हसत सगळं माझ्यात उतरवून घेई. इतका मान कुठल्या वहीला मिळतो?

मग रखमाबाईला ताप आला आणि उतरला. त्यानंतर मात्र काहीही पुढे धरलं तरी ती म्हणे, "करवंद." ओळीने पाच पानं करवंद. परीक्षा आठवड्यावर आलेली. अनुजा चिडली. "आई, लक्ष कुठंय तुझं? राहू दे, नको सांगूस!" तिने मला फाडकन मिटलं आणि ट्रंकेमागे सरकवलं. मला ती पाच पानं बोचत होती. आपल्याला तोंड नाही याचं इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं.

दोन दिवसांनी रखमाबाई भरदुपारी घरी आली. कुणाचा तरी वर्षाचा मसाला तिच्या कढईत जळून कोळसा झाला होता. धूर डोळ्यांत गेला, तेव्हा कुठे तिला मसाला जळाल्याचं कळलं.

"माका कसलोच वास येना नाय गो," ती म्हणाली, "ताप इल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझी परीक्षा होती मां."

अनुजा खूप रडली. मग तिने मला बाहेर काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. परीक्षेत पहिलाच पेला नाकाशी नेला आणि तिला आईची कढई आठवली, भाजलेल्या मेथीची. ती पास झाली.

रखमाबाईचं नाक अजून परतलेलं नाही. डंकावर आता दुसरी बाई भाजायला असते. रविवारी अनुजा आईच्या हातात पेला देते आणि मला उघडून मोठ्याने वाचते: मेथी, कातळ, करवंदाची जाळी. रखमाबाई डोळे मिटून हुंगते. "इलो गो वास," म्हणते. मला ते खरं वाटत नाही. अनुजालाही वाटत नाही. पण आता ती चिडत नाही. आईच्या हातावर हात ठेवते आणि पुढचं पान वाचते.

मित्रांनो, जुन्या वह्या जपा, एवढंच मी सांगणार होते. जपाच. पण घरातलं कुणी एकाएकी तेच ते उत्तर देऊ लागलं, तर आधी जवळ बसून विचारा. अनुजाने ती पाच पानं फाडलेली नाहीत. सगळ्यात जास्त वेळा ती तीच उघडते.