कडं बादलीत, गुण बोटांत

सांध्यांच्या दवाखान्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मांडवात तांब्याची कडी वाटणारे कडेबाबा तोंडाला साबणाचा फेस लावून बसले होते आणि त्यांच्या गालावरून न्हाव्याचा वस्तरा सरसर फिरत होता. दोन महिन्यांपूर्वी ह्याच न्हाव्याला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. बोटं टम्म सुजली होती, दुकान बंद पडलं होतं. आज त्याच्या मनगटात तांबूस कडं होतं आणि लोक आनंदाने नाचत होते.

पुढे बसलेल्या त्याच्या बायकोलाही नाचावंसं वाटत होतं, पण तिचं कारण निराळं होतं.

नवऱ्याला दवाखान्यातली इंजेक्शनं सुरू झाली त्याच दिवशी, इंजेक्शनं थंड ठेवायची बर्फाची पिशवी घेऊन तो बाहेर पडताच, बाबांनी हाक मारून त्याच्या हातात कडं चढवलं होतं. औषध सोडू नकोस हो बाळा, कडं औषधाला बळ देतं, असं ते सगळ्यांनाच सांगत. एवढा नम्र बाबा कुणी पाहिला नव्हता, म्हणून लोक आणखीच वेडे झाले. नवरा तर बाबांच्याही पुढे गेला. वस्तरा पुन्हा हातात धरता आला की सुई बंद, असं त्याने पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं.  ती सुजलेली बोटं बायकोने रोज गरम पाण्याने शेकली होती.

वाद घालून काही उपयोग नव्हता. नवरा कडं काढून आंघोळीला गेल्यावर तिने गुपचूप कडं बदललं.

आता ती उठली. "अहो, तुमच्या हातातलं कडं माझ्या भावाने नळाच्या पाइपातून कापून तांब्याच्या रंगाने रंगवलंय. बाबांचं कडं पहिल्या आठवड्यापासून फरशी पुसायच्या बादलीत पडलंय."

वस्तरा बाबांच्या गळ्याशी थांबला. बाबांनी तोंड उघडलं.

"हलू नका, कापेल," न्हावी सवयीने म्हणाला.

तेवढ्यात तिने बाकीचंही सांगून टाकलं. बाबा फक्त इंजेक्शनं मिळालेल्या, बर्फाच्या पिशवीवाल्यांनाच बोलावतात; ज्याच्या हातात नुसता तपासणीचा कागद, त्याचा म्हणे योग आलेला नसतो. मला पण गुण आलाय, असं एक काकू ठणकावून म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच्या हातातल्या बर्फाच्या पिशवीकडे पाहिलं आणि त्या खाली बसल्या.

गलका ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या होत्या. हसू आवरून त्यांनी समजावलं. शरीरात टीएनएफ नावाचं प्रथिन निरोप्यासारखं फिरतं. पेशींवर त्याला धरणारे रिसेप्टर असतात. त्यांत ते बसलं की पेशी सूज चढवते. जंतू आले तर ही सूज हवीच. पण ह्यांच्या सांध्यांत जंतू नसतानाच निरोपांचा पूर आला होता.

"इंजेक्शनात त्याच रिसेप्टरच्या नकला आहेत," बाई म्हणाल्या. "निरोप त्यांच्यातच अडकतो, पेशीपर्यंत पोचत नाही. सुई बंद केलीत की पुन्हा पोचायला लागेल."

"म्हणजे कडंही नकली आणि औषधही नकली?" न्हाव्याने विचारलं.

"औषधातली नक्कल तपासून घेतलेली आहे. तुमच्या बायकोने कडंही तपासलं, बाबांनी तेवढं केलं नव्हतं."

लोक पोट धरधरून हसले. न्हाव्याने आपल्या बोटांकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि त्याचे डोळे भरून आले. वस्तरा पुसून तो तडक घरी निघाला. त्या दिवशीची सुई घ्यायची राहिली होती. अर्ध्या दाढीचे बाबा फेसासकट मागच्या गल्लीने पसार झाले.

तर मंडळी, गुण आला की खुशाल नाचा. फक्त नाचण्याआधी एकेक गोष्ट बाजूला काढून पाहा, आणि कुठली काढली तरी काहीच बिघडत नाही ते बघा. ती बादलीत टाका.