चारदा धुतलेला तुकडा

धाकटीचं काम चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. प्रयोगशाळेत शर्टाच्या बटणाएवढ्या जाळ्यांवर ती माणसाच्या पेशींपासून योनीचं अस्तर वाढवायची, आणि बायकांच्या साबणांनी, मलमांनी त्याचा दाह होतो का ते बघायची. सासरी कुणी विचारलंच, तर "कातडीचं काम" म्हणून मोकळी व्हायची.

तिच्या ताईला वर्षभर खाली जळजळ होत होती. डॉक्टरीणबाईंनी न तपासताच सांगून टाकलं, "स्वच्छता ठेवत जा." ते ऐकून भावोजींनी नाक मुरडलं आणि आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं. मग धाकटीने, मोठी शहाणी, तपासणीतून उरलेल्या इंटिमेट वॉशच्या सहा बाटल्या ताईला नेऊन दिल्या. तो वॉश तिने अस्तराच्या तुकड्याला एकदा लावून पाहिला होता, तुकडा ठणठणीत होता. ताई बिचारी दिवसातून चार-चार वेळा धुऊ लागली. जळजळ वाढली, तशी आणखी चोळून धुऊ लागली.

हे धाकटीला कळलं. तिने कुणाला न विचारता तोच वॉश ताज्या तुकड्यांना दिवसातून चारदा, असा तीन दिवस लावला. मग रंग घातला. जिवंत पेशी त्यात जांभळ्या होतात, मेलेल्या होत नाहीत. नुसत्या सलाइनने धुतलेले तुकडे गर्द जांभळे झाले. वॉशचे पांढरेफटक राहिले.

"चारदा कोण धुतं?" साहेबांनी विचारलं.

"माझी बहीण."

"मग बहिणीला समजाव," साहेब हसले. "कंपनीने आपल्याला एकदाच लावून बघायला सांगितलंय."

अहवालात 'वापरण्यास सौम्य' असं छापलेलं होतं. खाली सही धाकटीचीच लागत होती. नोकरी जाईल म्हणून तिने ती केली. शेण खाल्लं, याला दुसरा शब्द नाही.

संध्याकाळी तिने ताईच्या घरी जाऊन तिला बाटल्यांचं, रंगाचं सगळं सांगितलं. सहीचं तेवढं गिळलं. "मीच आणून दिलं गं तुला. हवं तर मार मला."

ताई मग म्हणाली, "म्हणजे मी घाणेरडी नव्हते?"

"नव्हतीस गं. कधीच नव्हतीस."

ताई पदर तोंडात कोंबून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मला हे कागदावर दे. तुमच्या शिक्क्याचं. हे माझं ऐकत नाहीत, पण कागदाचं ऐकतील."

"ताई, शिक्क्याच्या कागदावर उलटं लिहिलंय."

"सही कुणी केली?"

"मी."

एवढ्यात बाहेरच्या खोलीतून भावोजींनी हाक मारली, "वाढतेस ना? आधी हात धू नीट."

ताई उठली आणि हात धुवायला गेली.