धवलारणीची जीभ

आमच्या आगरी लग्नात भटजी उशिरा आला तर एक वेळ चालतं, पण धवलारीण लागतेच. तिनं धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायल्याशिवाय हळद लागत नाही. भिवंडीपासून पडघ्यापर्यंत हे काम माझ्या आईचं, कमळबाईंचं. मागच्या लग्नसराईत गाता गाताच तिचा डोळा लागला आणि ती भर मांडवात घोरली. कुणीतरी ते मोबाइलवर काढलं. हसणाऱ्यांशी मी हातघाईवर आलो, पण व्हिडिओ गावभर फिरायचा तो फिरलाच.

आळस नव्हता तो. झोपेत तिचा घसा मिटतो, श्वास थांबतो, रात्रभर ती दचकून उठते आणि मग दिवसा पेंगते. नाकावर मास्क लावून हवा सोडणारं मशीन आणलं, तर घुसमटून ओरबाडून काढायची. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी नवा उपाय सांगितला. गळ्याखाली छातीत एक छोटं यंत्र बसवायचं. झोपेत ते जिभेच्या नसेला हलका करंट देतं, जीभ पुढे सरकते, श्वासाची वाट मोकळी होते.

"जिबंला काय व्हईल?" आईनं विचारलं.

"थोडे दिवस जड वाटेल. बहुतेकांची पुन्हा पहिल्यासारखी होते."

त्या 'बहुतेकां'वर आई अडली. धवल्यात शब्द चुकला तर नवरा-नवरीला बाधतं, अशी तिची श्रद्धा. मी म्हटलं, "आय, आदी तपासनी तं होऊन दे." पण ऐकेल तर ती कमळबाई कसली! यंत्र बसायच्या आधीच घरच्या देवासमोर तिनं माझ्या चुलतबहिणीची, काशीची ओटी भरली. म्हणाली, "आजपासून धवलं तुजं." देवासमोर दिलेला शब्द आमच्यात परत घेत नाहीत.

यंत्र लागू पडेल का, या तपासणीत तिला औषधानं झोपवून नाकातून दुर्बीण घातली. डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. पिशवीची नाडी ओढावी तसा घसा चहूबाजूंनी मिटत होता.

"नुसती जीभ पुढे आणून हा उघडणार नाही," ते म्हणाले. "यांना या यंत्राचा उपयोग नाही. मास्कच पुन्हा लावून बघू."

त्यांच्यावर तरी कसा चिडणार? त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

परवा पुतण्याची हळद होती. काशी गायला बसली, आई शेजारी खुर्चीत. थोड्या वेळात आईची मान कलली, श्वास अडकला. तेवढ्यात काशी ओळ विसरली आणि सगळा मांडव आईकडे बघायला लागला. मी घाबरून तिचा खांदा हलवला. मोठा आचका देऊन ती जागी झाली.

"काकी, पुढं काय गं?" काशी रडवेली झाली होती.

आईचे ओठ हलले, पण आवाज काढायच्या आत तिनं ते घट्ट मिटून घेतले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "प्रितम, जीब हाय तशीच हाय रं माजी."

मी तिचा हात धरून बसलो. थोड्याच वेळात तिचे डोळे पुन्हा मिटले, आणि त्या गलक्यात मी तिचा श्वास ऐकू येतोय का, ते बघत राहिलो.