वरून निरोप येईना

मी एक जुनी पोटरी आहे, उजव्या पायाची. मित्रांनो, हसू नका. पोटरीलाही आयुष्य असतं, फक्त कोणी विचारत नाही.

माझी मालकीण शिवणकाम करते. मशीनचं पायडल दाबायचं काम माझं आणि माझ्या डाव्या बहिणीचं. गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, सगळं आमच्या जोरावर झालं. कौतुक मात्र कायम हातांचं. "बाई, तुमच्या हाताला काय सफाई आहे!" असं म्हणून गिऱ्हाईक जायचं आणि आम्ही खाली मुकाट्याने राबायचो.

तरुणपणी एकदा तिचा घोटा मोडला होता. प्लास्टरमध्ये मी सुकले, पण ते निघताच ती मशीनवर बसली आणि बघता बघता मी पूर्वीसारखी झाले. म्हणून म्हातारपणी ती पडली आणि तोच पाय पुन्हा मोडला, तेव्हा मी फारशी घाबरले नाही.

या वेळी प्लास्टर लवकर निघेना. आत अंधार होता. वरून निरोपच येत नव्हता; ऊठ नाही, चढ नाही, दाब नाही. मला फार एकटं वाटायचं. रिकामी बसून मी झिजत गेले. प्लास्टर कापलं तेव्हा पायात मोजा टिकेना. मालकिणीने तो दोनदा वर ओढला, मग पायावर पांघरूण घेतलं.

घरचे सगळे मायाळू, आणि त्या मायेनेच माझा घात केला. "आई, तुम्ही उठू नका, मी आणते," सून म्हणायची. मुलाने मशीनला मोटर बसवली. "आता नुसतं बटण दाब, आई." पाणी हाताशी, चष्मा हाताशी, जेवण खुर्चीत. हळूहळू बहीणही सुकायला लागली. एकदा मालकीण हलक्या आवाजात म्हणाली, "आता काही मी उंबऱ्याबाहेर जात नाही."

पोटरीला रडता येत नाही, नुसता गोळा येतो. तो आला. ती इतकी कळवळली, की सुनेने व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना बोलावलं.

बाईंनी मला चाचपलं. "हिला काम द्या. ती मोटर काढून टाका."

"अहो, या वयात?" मुलगा म्हणाला.

"या वयात तर जास्तच. तरुण पाय पटकन सावरतो, म्हाताऱ्या पायाच्या रोज मागे लागावं लागतं. वेळ लागेल. पण यांचे पाय जन्मभर चाललेत, ते अगदीच वाया जात नाही."

मालकिणीने पायडलवर पाऊल ठेवलं. किती महिन्यांनी निरोप आला, दाब! मी थरथरले. चाक अर्धंच फिरलं आणि उलटं आलं. तिने पुन्हा दाबलं.

मित्रांनो, मी अजून बारीकच आहे, आणि पूर्वीसारखी होईन असं वाटत नाही. मोजा मात्र आता टिकतो. तुमच्या घरात आजी-आजोबांनी पाणी मागितलं, तर पेला आणायला धावण्याआधी जरा थांबा. हात पुढे करा आणि म्हणा, "चला, आपण दोघं आत जाऊन पिऊ." त्या चार पावलांची वाट बघत खाली कोणीतरी एकटी बसलेली असते.