मोठ्या टायरांवरची जोंगा

मी जोंगा बोलतेय! होय, तीच हिरवी, ठोकळ्यासारखी फौजेची गाडी. आत्ताच टेकडी चढून आलेय, इंजिन अजून तापलेलं आहे, तेव्हा धापा टाकत बोलले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म जबलपूरच्या फॅक्टरीतला. माझ्या अॅक्सलमधले गिअर बसवले ते भाऊरावांनी. माझी फौजेतली नोकरी संपली, मी लिलावात निघाले, तेव्हा त्यांनीच मला घरी आणलं. लेक माहेरी आल्यासारखे हरखले होते! पण माहेरपण कसलं? शेडखाली उभी केली, आणि त्यांच्या पत्नी भानुमतीबाई माझ्या बॉनेटवर सांडगे वाळत घालू लागल्या. डोंगर चढणारी मी, कावळ्यांशी भांडत बसले.

मग त्यांची मुलगी प्रणोती मोठी झाली. बरगीकडच्या एका टेकडीवर दरवर्षी जीपवाल्यांची चढाई असते, तिथे मला न्यायचं तिनं मनावर घेतलं. मोठे टायर आणले. ते मडगार्डला घासायला लागले, म्हणून स्प्रिंगांचे नवे पाटे घालून मला उचललं. "चार इंचच हां," ती मेकॅनिकला म्हणाली, "जास्त उंच केली तर वळणावर कलंडेल." काय ऐट आली मला! जबलपुरात कमानिया गेटाशी लोक वळून वळून बघायचे.

अडलं ते गिअरपाशी.

"बाबा, मोठा टायर एका फेरीत जास्त दूर जाते. सगळा जोर इंजिनवर येते. दोन्ही अॅक्सलचे गिअर बदलावे लागतीन."

"काहून? मी माझ्या हातानं बसवले ते. फॅक्टरीचा गिअर खोलत नसतात बेटा."

फॅक्टरीतल्या माणसांचं असंच असतं. बाहेरून काय हवं ते चढवा, आतला माल म्हणजे देवघर. प्रणोतीनं पाना पेटीत ठेवून दिला.

व्हायचं तेच झालं. मागच्या वर्षी अर्ध्या चढावर मी गचके खाऊन बंद पडले आणि सगळ्यांदेखत उलटी घसरत खाली आले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. भानुमतीबाईंनी घरी निकाल दिला, "पुढच्या वर्षी नाही चढली, तर शहपुऱ्याच्या भंगारवाल्याले देऊन टाका."

भंगार! माझे नटबोल्ट लटपटले.

भाऊराव बरेच दिवस माझ्याकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी आले, पाना प्रणोतीच्या हातात दिला आणि म्हणाले, "खोल. मी बॅटरीचा उजेड दाखवतो."

त्यांचाच गिअर लेकीनं बाहेर काढला, तेव्हा बॅटरी बाजूला ठेवून त्यांनी तो फडक्यानं पुसला. मला फार वाईट वाटलं हो. पण दोन्ही अॅक्सलमध्ये नवे गिअर बसले आणि काय सांगू, अंगात वारं शिरलं!

आज तोच चढ आला. दगड निसटले, मी डुलले, प्रणोतीनं दात-ओठ आवळून स्टिअरिंग धरलं, शेजारी भाऊराव ओरडत होते, "छोडू नको, चलो, चलो!" मी एकदासुद्धा थांबले नाही. थेट माथ्यावर!

लोक धावत आले. एकानं विचारलं, "दादा, गियर आपने बिठाया?"

"नहीं भैया," भाऊराव म्हणाले, "हमारी बेटी ने."

प्रणोतीनं पटकन गॉगल लावला.

मंडळी, तुमच्या दारातही माझ्यासारखी कुणी उभी असेल, तर तिला मोठे टायर खुशाल घाला, पण आतलं बदलायला कचरू नका. निघते आता, उतार उतरायचाय. भाऊराव शेजारच्या सीटवर जाऊन बसलेत, आणि नेहमीसारखी किल्ली मागत नाहीत.